वनस्पतीजन्य सनस्क्रीन लिप बाम कसा तयार होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षबागेत, कांद्याच्या शेतात किंवा रस्त्यावर दिवसभर उन्हात काम करणाऱ्यांच्या ओठांना टिकेल असा बाम आपल्याकडच्या तेला-मेणांतून बनवता यावा, यासाठी आम्ही नाशिकमध्ये काम करतो. प्रश्न अनेकांकडून येतात. कोणाला घरी बनवायचा असतो, कोणाला छोटा उद्योग सुरू करायचा असतो, तर कोणाला फक्त विकत घेताना काय बघावं ते हवं असतं. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ओठांसाठी वेगळं कशाला? चेहऱ्याचं सनस्क्रीनच ओठांवर फिरवलं तर?

ओठांचा लालसर भाग बाकीच्या त्वचेसारखा नसतो. तिथला वरचा कडक थर फार पातळ असतो, घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथी जवळपास नसतात आणि मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं, ऊन थोडं अडवणारं द्रव्य) कमी असतं. त्यामुळे ओठांना स्वतःचं तेल नाही आणि स्वतःची सावलीही नाही. त्यातही खालचा ओठ किंचित पुढे आणि वर वळलेला असल्याने दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. उन्हामुळे होणारा ओठाचा कर्करोग बहुतेक वेळा खालच्याच ओठावर दिसतो, तो यामुळेच.

चेहऱ्याचं क्रीम लावलंत तर अगदीच काही नसण्यापेक्षा बरं. पण ते ओठांवर टिकत नाही. जीभ फिरते, चहा पिऊन होतो आणि क्रीम पोटात जातं. काही रासायनिक फिल्टर (ऊन अडवणारे घटक) ओठांवर चुरचुरतात, चवही कडवट लागते. पाणी न घातलेला मेणाचा बाम ओठाला धरून राहतो, म्हणून ओठांसाठी तोच योग्य.

नाशिकची हवा तर थंड आणि छान. इथे एवढं ऊन लागतं का?

थंडी आणि अतिनील किरण यांचा थेट संबंध नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी अतिनील निर्देशांक १० च्या पुढे जातो. पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती जानेवारी ते मार्च या काळाची. निफाडकडे पहाटे पारा पार खाली जातो, हवा कोरडी असते, वारा बोचरा असतो, आणि नेमकी तेव्हाच द्राक्षांची काढणी चालू असते. पेठ, सुरगाण्याकडून आलेली माणसं सकाळपासून बागेत उभी असतात. थंडीने उललेले ओठ, त्यावर ऊन, त्यात सतत जिभेने ओठ ओले करण्याची सवय. ऊन गरम लागत नाही म्हणून कोणी तोंड झाकत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीला (काढणीनंतरच्या छाटणीला) निदान डोक्याला फडकं असतं, काढणीच्या दिवसांत तेही नसतं.

सूर्यापासून संरक्षणही वनस्पतींतूनच मिळतं का?

नाही, आणि या पानावर हेच आम्हाला सगळ्यात ठामपणे सांगायचं आहे. ओठ मऊ ठेवणं, ओलावा धरून ठेवणं, भेगा भरू देणं, बामला आकार आणि सरकपणा देणं, ही सगळी कामं वनस्पतींची तेलं, लोणी आणि मेणं उत्तम करतात. ऊन अडवण्याचं काम मात्र त्यांच्याकडून भरवशाने होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त फिल्टर लागतो. वनस्पतीजन्य बाममध्ये तो बहुधा झिंक ऑक्साइड असतो.

पण खोबरेल तेलाचा एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ७ असतो असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

तो आकडा कुठून आला ते समजलं की त्यावर किती विसंबायचं हेही कळतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात अनेक तेलांची मोजणी झाली. ऑलिव्ह तेलाला साडेसात, खोबरेलाला सातच्या आसपास आणि बाकी स्थिर (न उडणाऱ्या) तेलांना २ ते ८ दरम्यान आकडे मिळाले. ही मोजणी माणसाच्या त्वचेवरची नव्हती. तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून ते द्रावण स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायचं, २९० ते ३२० नॅनोमीटरमधला प्रकाश ते किती शोषतं ते पाहायचं आणि १९८६ मध्ये मांडलेल्या एका समीकरणात ते आकडे घालायचे, अशी ती पद्धत. प्राथमिक चाळणीसाठी ती ठीक आहे. पण काचेच्या नळीतलं द्रावण म्हणजे ओठावरचा थर नव्हे. ओठावर तेल पसरतं, सुरकुत्यांत उतरतं, उंचवटे उघडे पडतात आणि किरण तिथून आत जातात. शिवाय ही पद्धत फक्त यूव्हीबी, म्हणजे आखूड लहरींचे अतिनील किरण, पाहते. त्याहून लांब लहरींचा, ३२० ते ४०० नॅनोमीटरचा यूव्हीए तिच्या हिशेबातच नाही.

रास्पबेरीच्या बियांचं तेल आणि गाजराच्या बियांचं तेल यांच्याबद्दल तर याहून मोठे आकडे फिरतात. त्या आकड्यांवर बाम बनवून एखाद्या बागेतल्या बाईच्या हातात ‘सनस्क्रीन’ म्हणून देणं आम्हाला अजिबात मान्य नाही. ती त्यावर विश्वास ठेवून फडकं काढून ठेवेल.

झिंक ऑक्साइड खनिज आहे. मग बाम ‘नैसर्गिक’ कसा म्हणायचा?

आम्ही ‘वनस्पतीजन्य आधार, खनिज फिल्टर’ असं म्हणतो. सौंदर्यप्रसाधनांत वापरलं जाणारं झिंक ऑक्साइड कारखान्यात तयार होतं. धातूरूप जस्ताची वाफ करून ती हवेतल्या ऑक्सिजनशी जुळवतात आणि पांढरी पूड मिळते. ते खाणीतून जसंच्या तसं उचलून आणलेलं नसतं, आणि ते तसं नसलेलंच बरं, कारण शुद्धता महत्त्वाची आहे. लेबलवर ‘१०० टक्के वनस्पती’ आणि ‘एसपीएफ ३०’ हे दोन्ही एकत्र दिसलं तर घटकांची यादी वाचा. दोनांपैकी एक दावा खोटा ठरतो.

झिंक ऑक्साइड निवडण्याचं कारण म्हणजे ते यूव्हीबी अडवतंच, शिवाय यूव्हीएच्या मोठ्या भागावरही काम करतं. टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीबीवर चांगलं, पण लांब लहरींच्या यूव्हीएवर कमी पडतं.

बाम थोडा तरी पोटात जाणारच. झिंक चालतं का?

लिप बामच्या प्रमाणात चालतं. झिंक ऑक्साइड अन्नात झिंकचा पुरवठा म्हणूनही वापरलं जातं. खरा धोका बनवणाऱ्याला असतो. कोरडी पूड हवेत उडते आणि फुफ्फुसात जाते, म्हणून वजन करताना मास्क हवाच आणि पंखा बंद हवा. टायटॅनियम डायऑक्साइडवर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नातला रंग म्हणून बंदी घातली. ती बंदी सौंदर्यप्रसाधनांसाठी नाही, तरी जे पोटात जाणार आहे त्यात आम्ही ते टाळतो.

मधमाशीचं मेण का वापरत नाही? ते तर सहज मिळतं.

मधमाशीचं मेण उत्तमच असतं. ६२ ते ६४ अंशांना वितळतं, लवचीक असतं, नवख्या माणसालाही साधतं. पण ते वनस्पतीजन्य नाही. जैन ग्राहकांना आणि वीगन मंडळींना ते चालत नाही, आणि आम्ही बामला वनस्पतीजन्य म्हणतो तर तो तसाच असायला हवा.

वनस्पतींच्या मेणांमध्ये कॅन्डेलिला ७० अंशांच्या आसपास वितळतं. मेक्सिकोच्या वाळवंटी भागातल्या एका झुडपाचं हे मेण बामला चमक आणि ताठपणा देतं. कार्नौबा ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि इतकं कठीण असतं की थोडं जास्त झालं तरी बाम ओठावर खरखरीत लागतो. तिसरं भाताच्या कोंड्याचं मेण, तेही साधारण ८० अंशांना वितळणारं. आपल्याकडे कोंड्याचं तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ते वेगळं काढलं जातं, त्यामुळे देशातच मिळतं. इगतपुरीचा भात प्रसिद्ध असल्याने ‘मग मेण तिथूनच घ्या की’ असं लोक सुचवतात. पण मेण गिरणीत मिळत नाही, ते तेल शुद्धीकरणात निघतं.

मधमाशीच्या मेणाच्या जागी तेवढंच कॅन्डेलिला टाकू नका. ते जास्त कडक असल्याने कमी लागतं.

लोणी कोणतं? शिया की कोकम?

कोकम, निःसंकोच. कोकणात बियांचं हे घट्ट तेल हाताने वळून गोळे करतात आणि त्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना ते लावायची पद्धत जुनीच आहे. ते सुमारे ४० अंशांना वितळतं, त्यामुळे शियापेक्षा उन्हाळ्यात जास्त टिकतं, आणि शुद्ध केलेल्या तेलाला वासही नसतो. शिया आफ्रिकेतून येतं आणि मे महिन्यात नाशिकमध्ये पातळ होतं.

कोकम एकटं वापरलं तर बाम ठिसूळ होतो. म्हणून सोबत थोडं मऊ काहीतरी लागतं. आंब्याच्या कोयीचं लोणी चांगलं. पेठ-सुरगाणा भागात मोहाच्या बियांचं तेल काढतात, तेही थंडीत घट्ट होतं आणि ओठांना फार मऊ वाटतं. मात्र गावच्या घाण्याचं तेल घ्याल तर गाळून, वास घेऊन घ्या. त्यात ओलावा आणि आम्लता जास्त असेल तर बाम दोन महिन्यांत खवट होतो.

नाशिकला द्राक्षं एवढी आहेत. द्राक्षाच्या बियांचं तेल वापरता येईल?

येईल, पण आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इथली खायची द्राक्षं जवळपास सगळी बिनबियांची असतात. थॉमसन, सोनाका या वाणांतून तेलाला बी मिळणारच नाही. बिया असतात त्या वाईनच्या द्राक्षांत, शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ वगैरे वाणांत. दिंडोरी, गंगापूर, विंचूर पट्ट्यात वाईन तयार होताना जो चोथा उरतो, त्यात या बिया असतात.

बियांत तेल १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे किलोभर तेलासाठी सात ते दहा किलो वाळलेल्या बिया लागतात. चोथा ओला असतो आणि लगेच आंबतो, बुरशी धरतो. बिया त्याच दिवशी वेगळ्या करून वाळवल्या नाहीत तर तेल वाया जातं. फवारणीच्या औषधांचे अंश बियांच्या तेलात उतरू शकतात, म्हणून अवशेषांची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

तेल हलकं आहे, ओठावर चिकटत नाही. पण त्यात सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्ल असतं आणि ते हवेने पटकन खवटतं. आम्ही ते थोडंच घालतो, आणि व्हिटॅमिन ई सोबत असतंच. द्राक्षातले अँटिऑक्सिडंट ऊन अडवतात असा दावा मात्र आम्ही करत नाही. त्यांचा उपयोग तेलाला आणि फार तर त्वचेला होतो, किरण थांबवायला नाही.

प्रमाण सांगाल का?

१०० ग्रॅमच्या घाण्यासाठी सुरुवात अशी करा: एरंडेल २६ ग्रॅम, झिंक ऑक्साइड १५, कोकम लोणी १८, आंब्याच्या कोयीचं किंवा मोहाचं लोणी १०, कॅन्डेलिला १२, कोंड्याचं मेण ३, तीळ आणि द्राक्षबियांचं तेल मिळून १५, सूर्यफुलाचं लेसिथिन (पूड तेलात नीट मिसळायला मदत करणारं) अर्धा ग्रॅम आणि व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम.

या सगळ्यात एरंडेल आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते दाट असतं, ओठावर चमक आणतं आणि झिंकची पूड त्यात इतर तेलांपेक्षा चांगली भिजते. आधी एरंडेल, लेसिथिन आणि झिंक खलात घोटायचं. घाई करू नका. बोटांत चोळल्यावर एकही कण लागता कामा नये. झिंकचे गोळे राहिले तर बाममध्ये १५ टक्के झिंक असूनही संरक्षण तुटपुंजं मिळतं, कारण गोळ्यांच्या मधली जागा उघडीच राहते. चाळणीतून सांडणाऱ्या पाण्यासारखे किरण तिथून आत जातात. मोठ्या प्रमाणावर हेच काम तीन रोलच्या गिरणीत होतं.

मग मेणं गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात पूर्ण वितळवा, त्यात लोणी, मग तेलं, शेवटी झिंकचं वाटण. आच उतरल्यावर व्हिटॅमिन ई घाला आणि ओतेपर्यंत ढवळत राहा. झिंक जड असतं, मिनिटभर थांबलात तरी तळाशी बसायला लागतं. मग पहिल्या नळीत संरक्षण कमी आणि शेवटच्या नळीत जास्त असा घाणा तयार होतो.

म्हणजे घरी सनस्क्रीन बाम बनवता येईल?

बाम घरी जरूर बनवा. पण तो उन्हासाठी पुरेसा आहे असं धरून चालू नका. झिंकच्या टक्क्यांवरून एसपीएफ काढता येत नाही. तेच १५ टक्के झिंक कसं घोटलं, थर कसा बसला, त्यावर आकडा दुपटीने बदलू शकतो, आणि स्वयंपाकघरात ते मोजायचं साधन नाही. घरी झिंक न घालता थंडीचा साधा बाम करा आणि उन्हात जाताना तपासलेला बाम वापरा, असाच सल्ला आम्ही देतो.

आमचा बाम दाणेदार होतो. कशामुळे?

सावकाश थंड झाल्यामुळे. लोण्यातले वेगवेगळे स्निग्ध घटक वेगवेगळ्या तापमानाला गोठतात, वेळ मिळाला की त्यांचे खडे बनतात. ओतल्यावर नळ्या लगेच गार जागी ठेवा. बोटाला लागणारे दाणे ओठाच्या उबेने विरघळले तर ते लोण्याचे. न विरघळता खरखरले तर ते झिंकचे, आणि मग पुन्हा खलाकडे जायचं.

मे महिन्यात गाडीत ठेवला तर वितळेल का?

बंद गाडीत डॅशबोर्डवर तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. तिथे कोणताही चांगला बाम मऊ पडणारच. आमची अपेक्षा वेगळी आहे: सदऱ्याच्या खिशात, ४५ अंशांना, तो मोडू नये आणि तेल सुटू नये. त्यासाठी नळ्या ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवडे ठेवतात, मध्येच फ्रीजमध्ये टाकून पुन्हा बाहेर काढतात आणि वास, घाम, रंग, मोडण्याची ताकद पाहतात. उन्हाळ्याच्या घाण्यात मेण दोन-तीन ग्रॅम वाढवून तेल तेवढंच कमी करावं.

गुलाबपाणी, कोरफडीचा ताजा गर, मध घालता येईल का?

नको. या बाममध्ये पाण्याचा थेंबही नाही आणि म्हणूनच त्याला टिकवण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. कोरफडीचा गर घातला की पाणी आलं, पाण्यासोबत बुरशी आली. शिवाय ते तेलात मिसळतही नाही, थेंब बनून बसतं.

रंग आणि वास?

बीट तेलात विरघळत नाही, पूड घातली तर ठिपके दिसतात. शेंद्रीच्या बिया कोमट तेलात ठेवल्या की केशरी रंग उतरतो. विक्रीसाठी असेल तर आयएस ४७०७ या भारतीय मानकात परवानगी असलेलेच रंग घ्या.

वासाबद्दल कडक राहा. लिंबाचं दाबून काढलेलं तेल आणि बर्गमॉट यांच्यात उन्हात त्वचा भाजवणारी फ्युरोकुमरिन द्रव्यं असतात. सनस्क्रीन बाममध्ये ती घालणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. दालचिनीच्या तेलाने ओठ सुजल्याची, सोलल्याची उदाहरणं नेहमीची आहेत. पेपरमिंटचा गारवा छान वाटतो, पण फुटलेल्या ओठाला तो झोंबतो. आमच्या मते बिनवासाचा बामच चांगला.

एसपीएफचा आकडा नक्की कसा ठरतो?

आयएसओ २४४४४ या पद्धतीने, माणसांवर. किमान १० स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मापाने थर लावतात आणि दिव्याच्या अतिनील प्रकाशात त्वचा लाल व्हायला किती मात्रा लागते ते पाहतात. थराविना लागणाऱ्या मात्रेशी त्याचं गुणोत्तर म्हणजे एसपीएफ. १५ चा बाम सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडवतो, ३० चा ९७, ५० चा ९८. यूव्हीएची चाचणी वेगळी करावी लागते. आणि आपण सगळेच चाचणीपेक्षा पातळ थर लावतो, त्यामुळे नळीवरचा आकडा ओठावर पूर्ण मिळत नाही. चाचणी महाग असते, हे खरं आहे. तिच्यासाठी पैसे जमेपर्यंत बाम ‘लिप बाम’ म्हणून विकावा, आकडा छापू नये. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्याला भारतात २०१४ पासून बंदी आहे.

विक्रीसाठी परवाना लागतो का?

लागतो, बचत गटालाही. भारतात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन मानलं जातं आणि त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. उत्पादनाचा परवाना सीओएस-८ या नमुन्यात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वतंत्र जागा आणि पात्र तांत्रिक व्यक्ती हवी, जसं की नोंदणीकृत फार्मासिस्ट. स्वतःची जागा नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात लोन लायसन्सवर बनवून घेता येतं. आयुर्वेदिक म्हणून विकायचं असेल तर त्याचा परवाना निराळा.

दिवसातून किती वेळा लावायचा?

उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि जेवण, चहा, पाणी झाल्यावर पुन्हा. एकदा फिरवून भागत नाही, दोन-तीनदा फिरवा आणि ओठांच्या कडांपर्यंत न्या. हलका पांढरेपणा दिसला तर पुसू नका, तोच झिंकचा थर आहे. बागेत काम करणाऱ्यांना आम्ही सांगतो की बाम लावा आणि फडकंही बांधा.

लहान मुलांना चालतो का?

बिनवासाचा असेल तर चालतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सावलीतच ठेवा.

बाम लावूनही खालच्या ओठावरचा एक खरखरीत पांढुरका चट्टा जात नाही. कोणता बाम वापरू?

कोणताही नाही, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उन्हाने वर्षानुवर्षं खराब झालेल्या ओठावर असा कोरडा, न भरणारा चट्टा येतो आणि त्यातून काही जणांना पुढे कर्करोग होतो. तीन आठवड्यांत न भरलेली भेग, वारंवार रक्त येणारी जागा, ओठाची पुसट झालेली कड, हाताला लागणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. तंबाखू किंवा विडीची सवय असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. लवकर गेलात तर उपचार सोपे असतात.